गेलेल्या नेटचा पंचनामा

नवरा पत्ते खेळतो, शेअरबाजारात पैसे घालवतो, निवृत्तीनंतर होमिओपॅथी शिकणार म्हणतो, अशा तक्रारी ऐकून घ्यायला बायकांना मैत्रिणी असतात. ‘आमचे हे लिनक्स वापरतात’ असं सांगितलं तर समोरची बाई नुसती बघत राहते. क्वचित एखादीला कळतं. मग ती माझा हात हातात घेते आणि हळूच विचारते, ‘कधीपासून?’

लग्नाआधीपासून. कांदेपोह्यांच्या वेळी ‘आवड कशाची?’ या प्रश्नाला ह्यांनी ‘कॉम्प्युटरची’ असं मोघम उत्तर दिलं होतं आणि आमच्या बाबांना ते फार आश्वासक वाटलं होतं. मुलगा अमेरिकेला जाणार, असा त्यांचा कयास. मुलगा कुठेही गेला नाही. तो डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, बेडरूमच्या कोपऱ्यात एका काळ्या खिडकीकडे टक लावून बसलेला असतो आणि त्या खिडकीत पांढरी अक्षरं सरकत असतात.

लिनक्सची जन्मकथा मला तोंडपाठ आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं ते लिहायला घेतलं. हे आपलं हौसेपुरतं आहे, याचं फार मोठं काही व्हायचं नाही, असं त्यानं तेव्हा लोकांना कळवलंही होतं. (हौसेपुरत्या आणलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं ते बघायचं असेल तर आमच्या माळ्यावर चढावं.) आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक घेतले तर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात; २०१७ पासून त्या यादीत दुसरं काही उरलेलंच नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही माहिती चहाबरोबर मिळते. सासूबाईंनी एकदा ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘अरे, मग त्या पाचशेतल्या एखाद्याला विचार की, आपलं वायफाय का जातं ते.’

वायफाय सगळ्यांचंच जातं. पण ज्या घरात लिनक्स आहे तिथे ते लिनक्समुळेच जातं, अशी घरच्यांची ठाम समजूत असते. खाली गटाराच्या कामावर जेसीबीनं केबल तोडली तरी लिनक्समुळे. लाइट गेली तरी सासूबाई आधी ह्यांच्या टेबलाकडे बघतात आणि मग पंख्याकडे. ह्यांना त्याचं काही वाटत नाही, कारण ह्यांचं लक्षच वेगळीकडे असतं. बाकीच्यांना गेलेलं नेट परत हवं असतं. लिनक्सवाल्याला ते का गेलं ते कळायला हवं असतं; परत येण्याची घाई त्याला अजिबात नसते. इतक्या वर्षांच्या संसारात मला कळलेली ही एक गोष्ट, आणि बाकी सगळी भांडणं तिच्यातूनच निघतात.

आता बघा, आमच्या सोसायटीत बाकीच्या घरांतून या दुखण्यावर एकच औषध चालतं. राउटरचं बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, चालू करायचं. बहुतेक वेळा गुणही येतो. आमच्याकडे मात्र राउटरच्या दिशेनं कुणी पाऊल टाकलं की आतून आरोळी येते, ‘हात लावू नका! पुरावा जाईल!’ घरगुती राउटर आपल्या नोंदी बहुधा तात्पुरत्या मेमरीत ठेवतो आणि बटण बंद केलं की त्या पुसल्या जातात, हे ह्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. त्यामुळे पंचनामा होईपर्यंत प्रेत जागचं हलवायचं नाही. मुलीची मीटिंग अडकलेली असते, धाकट्याचा गेम अडकलेला असतो, सासूबाईंच्या नऊच्या मालिकेतली थोरली जाऊ दाराआडून ऐकता ऐकता तोंड उघडं ठेवून गोठलेली असते, आणि मधोमध राउटर आपले हिरवे दिवे मिचकावत निवांत.

तपासाला मात्र शिस्त आहे, हे कबूल केलं पाहिजे. सुरुवात स्वतःपासून. काळ्या खिडकीत हे लिहितात, पिंग १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे आपण स्वतः. कुठल्याही संगणकावर बसा, तो त्याचाच. केबल उपटा, वायफाय बंद करा, तरी तिथून उत्तर येतंच, आणि तेही मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे स्वतःच्याच घरात उभं राहून ‘घरात कोणी आहे का?’ असं विचारायचं आणि ‘मी आहे’ हे ऐकून समाधानानं मान डोलवायची. मग राउटर, १९२.१६८.१.१. त्यानंही ओ दिली की उंबऱ्याबाहेर, ८.८.८.८. हा गूगलचा सर्वांसाठी खुला असलेला नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून आकडा सांगणारा. आकडा लक्षात राहतो म्हणून जो तो उठतो आणि बिचाऱ्याला हाका मारतो. आणि शेवटी एखाद्या ठिकाणाला त्याच्या नावानं. जिथे ओ येणं थांबलं, गुन्हा तिथे घडला.

हा पिंग १९८३ च्या डिसेंबरात जन्मला. माइक म्यूस नावाचे गृहस्थ अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत, तिथलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं, तेव्हा त्यांनी हा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहून काढला. हे मला कसं माहीत? मी वरणाला फोडणी घालत असताना हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगतात. ‘एका संध्याकाळी!’ असं म्हणताना ह्यांच्या डोळ्यांत जे दाटून येतं ते मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधलं. एकाही फोटोत नाही. विंडोजवर पिंग केलं तर ते चार हाका मारून गप्प बसतं. लिनक्सवर कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत हाका चालूच. हे येतात, हात धुतात, जेवतात, ताकही पितात, आणि आत त्या खिडकीत ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’च्या ओळींवर ओळी चढत असतात.

कधी कधी असं निघतं, की आपल्या संगणकाला मुळात पत्ताच मिळालेला नाही. तो पत्ता राउटर देतो, आणि कायमचा देत नाही, मुदतीनं देतो. निम्मी मुदत उलटली की संगणक आपण होऊन नूतनीकरणाचा अर्ज करतो. आमच्या कल्याणच्या खोलीतला भाडेकरू मुदत संपून गेली तरी तोंड दाखवत नाही. एवढं एकच कलम मला या सगळ्या व्यवस्थेत अनुकरणीय वाटलं.

सगळ्यांत चिवट प्रकार म्हणजे आकड्याला ओ येते आणि नावाला येत नाही. अशा वेळी खिडकीत ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रेझोल्यूशन’ असं उमटतं. हे ते मोठ्यानं वाचतात. सासूबाई बाहेरून विचारतात, ‘टेम्पररी म्हणजे नऊच्या आधी की नंतर?’

नावावरून आकडा कुणाला विचारायचा, हे लिनक्समध्ये रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ नावाच्या एवढ्याशा फाइलीत लिहिलेलं असतं. ती उघडली की वरच्याच ओळींत बहुधा सूचना असते, की ही फाइल दुसरा एक प्रोग्रॅम लिहितो, तुम्ही हातानं बदलू नये. असं वाचून जो हात मागे घेतो तो लिनक्सवाला कसला! हे बदलतात. संगणक पुन्हा सुरू झाला की फाइल पहिल्यासारखी. हे पुन्हा बदलतात. एका दिवाळीत हे इतके इरेला पेटले की त्या फाइलीला असं कुलूप घातलं, ज्यापुढे रूटचंही, म्हणजे संगणकाच्या मुखत्याराचंही, काही चालू नये. तशी सोय आहे. पुढे आम्ही घर बदललं, नेटवाला बदलला, नेमसर्व्हर बदलला, आणि फाइल जुनाच पत्ता कवटाळून बसली. मालक रूट, परवानग्या ठीकठाक, तरी एक अक्षर लिहू देईना. मध्यरात्री ह्यांनी मला हलवून उठवलं आणि कुजबुजले, ‘कुणीतरी आपल्या सिस्टिममध्ये शिरलंय.’ शिरलेला इसम कोण, ते पहाटे उघडकीला आलं. ते मला खुर्चीच्या आवाजावरून कळलं. मी झोपेचं सोंग सोडलं नाही.

या नावांच्या भानगडीतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. डोमेन नेम सिस्टिम १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली. तिच्याआधी नेटवर्कमधल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलीत असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंचं खातं सांभाळायचं. नव्या यंत्राची नोंद करायची तर त्यांच्याकडे फोन करायचा, कामाच्या वेळात. कामाच्या वेळात! अख्ख्या नेटवर्कची नावनिशी एका बाईच्या देखरेखीखाली होती आणि तिला कचेरीची वेळ होती. रात्री दोन वाजता नावं हरवायची पद्धत त्यानंतर, हे खातं बाईंच्या हातून गेल्यावर पडली, असं माझं मत आहे. ह्यांना ते मान्य नाही.

ह्यांच्या आयुष्यातली सोन्याची रात्र म्हणजे ४ ऑक्टोबर २०२१. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम गेली. सोसायटीत घरोघर राउटर बंद-चालू, बंद-चालू. सासूबाईंचे ‘शुभ रात्री’चे गुलाब जागच्या जागी अडकून पडले. ह्यांनी ८.८.८.८ ला हाक मारली, लगेच ओ आली, आणि हे उठून सरळ जिन्यात गेले. ‘नेट आहे,’ ह्यांनी जाहीर केलं, ‘फेसबुक नाही.’ दुसऱ्या मजल्यावरचे, चौथ्या मजल्यावरचे, पार्किंगच्या वादावरून ह्यांच्याशी बोलणं टाकलेले सेक्रेटरीसुद्धा, सगळे जिन्यात गोळा. कारण पुढे कंपनीनंच सांगितलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं तिच्या डेटा सेंटरांचा आपसातला संबंधच तुटला. मग तिच्या नेमसर्व्हरांनी आपल्याकडे येण्याच्या वाटांची जाहिरात इंटरनेटवरून मागे घेतली, आणि फेसबुक हे नाव कुठे राहतं ते जगात कुणालाच सांगता येईना. दुरुस्तीला माणसं पाठवली, तर सुरक्षा इतकी कडक की त्यांना यंत्रांपर्यंत पोचायलाच वेळ लागला. सहाएक तास गेले. हे त्या रात्री बाळासारखे झोपले. एवढ्या मोठ्या लोकांचंही नेमसर्व्हरपाशीच अडतं, याचं समाधान काही और असतं.

पण आपल्याकडचं नेट जातं तेव्हा जिन्यात कुणी जमत नाही. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ह्यांनी लॅपटॉपवर नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला. का टाकला? आला म्हणून. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि वायफायचं चिन्हच गायब. वायफायचं कार्ड आत होतं, यंत्र त्याचं नावगाव सांगत होतं, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर नव्हता. काही कार्डांचे ड्रायव्हर कर्नलच्या घरचे नसतात. बाहेरून आणून बसवावे लागतात आणि दर नव्या कर्नलसाठी नव्यानं बांधावे लागतात. बांधायला हेडर फाइली लागतात. हेडर फाइली नेटवर असतात. नेट वायफायवर, वायफाय ड्रायव्हरवर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याच्याकडे बहुतेक हेच कार्ड असावं.

खरं म्हणजे जुना कर्नल कुठे गेलेला नसतो. मशीन सुरू होताना जी यादी येते तिच्यात तो मुकाट्यानं बसलेला असतो. त्याला निवडलं की वायफाय जागच्या जागी. हे मला ह्यांनीच सांगितलं, त्याच संध्याकाळी. ‘मग निवडा ना,’ मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘जुन्यावर चाललं तर नव्याचं काय बिघडलंय ते कळणार कसं?’

म्हणून केबलची शोधाशोध. केबल माळ्यावर निघाली, दिव्यांच्या माळांमध्ये गुंतलेली. तिच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो, त्याच्या पाठीवर एक इवलीशी प्लॅस्टिकची जीभ असते. प्लग आत सारला की ती खटकन बसते आणि मग ओढलं तरी निघत नाही. ती मोडलेली होती. माळ्यावरच्या केबलची ती मोडलेलीच असते. जीभ नसलेला प्लग आत जातो, बसून राहत नाही. हे राउटरपाशी जमिनीवर मांडी घालून बसले, एका हातानं प्लग दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला लागले. फाइली उतरायला लागल्या. मग ह्यांना शिंक आली.

शेवटी धाकट्यानं गेममधून डोकं वर न काढता सुचवलं, ‘बाबा, आईचा फोन वायरनं जोडा की.’ जोडला. फोनमधलं टेदरिंग चालू केलं आणि त्या लिनक्सनं एका शब्दानं काही न विचारता माझ्या फोनला नेटवर्क कार्ड मानलं. ड्रायव्हर नको, काही नको. थोड्या वेळानं मला मेसेज आला, की आजच्या डेटापैकी ९० टक्के डेटा तुम्ही वापरला आहे. मी त्या वेळी भेंडी चिरत होते. ह्यांना म्हटलं तर हे खुशीत म्हणाले, ‘तुझ्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे, माहितेय?’

‘मग त्याचं नेट कसं कधी जात नाही?’

उत्तर सासूबाईंनी दिलं. ‘त्यात हा हात घालत नाही ना.’

नेट देणाऱ्या कंपनीला फोन करणं ह्यांच्या फार जिवावर येतं. तिथली मुलगी गोड आवाजात विचारते, ‘सर, विंडोज कोणतं आहे तुमच्याकडे?’ लिनक्स म्हणून सांगितलं तर ‘सर, त्याला आमच्याकडून सपोर्ट मिळत नाही’ आणि तक्रार बंद. एरवी भाजीवाल्याशीही खोटं न बोलणारा हा माणूस मग धडधडीत खोटं बोलायला लागतो. ‘स्टार्टवर क्लिक केलं का सर?’ ‘केलं.’ ‘कंट्रोल पॅनल दिसतंय?’ ‘दिसतंय.’ समोर काळी खिडकी. नसलेल्या विंडोजचे सगळे मेनू ह्यांना पाठ आहेत. कुठल्या पायरीवर कुठली चौकट उघडते, तिच्यात डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळं हे डोळे मिटून सांगतात. एखाद्या पायरीला आठवलं नाहीच, तर म्हणतात, ‘थांबा हं, जरा स्लो आहे.’ त्यावर पलीकडून आजपर्यंत कुणीही शंका घेतलेली नाही.

राउटरवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागला की मात्र ह्यांचाही इलाज नसतो. फायबरमधून प्रकाशच येत नाही म्हटल्यावर पिंग कुणाला करणार? मग केबलवाल्याचा मुलगा येतो. कोपरात हेल्मेट, पाठीला सॅक, चपला दारात. परवा आला तो आधी ह्यांच्या स्क्रीनकडे बघून दचकला. ‘काका, हॅकिंग करता का?’ ह्यांचा चेहरा उजळला.

त्यानं राउटरच्या मागचा हिरवा कनेक्टर काढला, एका पिवळ्या मीटरला लावला आणि आकडा वाचला, उणे ३३. हा आकडा उणे २७-२८ च्याही खाली गेला की राउटरला प्रकाश दिसेनासा होतो. मुलगा काही न बोलता बाल्कनीत गेला. सोसायटीचं रंगकाम चालू आहे. परांची बांधणाऱ्यांनी बांबूबरोबर आमची केबलही सुतळीनं करकचून आवळली होती. काच ती, किती वाकणार! आत तडकली होती. मुलानं तेवढा तुकडा कापून टाकला, काळं आवरण सोललं, त्याच्या आतलं आणखी एक सोललं, आणि चिमटीत जे उरलं ते उजेडात धरल्याशिवाय दिसेना. ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, एका छोट्या यंत्रात टक करून कापलं. कापलेला बारीकसा तुकडा त्यानं जपून चिकटपट्टीवर घेतला. पायात गेला तर सापडत नाही म्हणाला. मग दोन्ही टोकं डब्याएवढ्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. त्याच्या पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसायला लागली, आपण होऊन सरकत सरकत एका रेषेत आली, एक ठिणगी, आणि खांब एकच. खाली आकडा, ०.०२. हे श्वास रोखून बघत होते. सत्यनारायणाला हे इतके एकाग्र नसतात.

‘म्हणजे प्रॉब्लेम फिजिकल लेयरलाच होता तर,’ हे त्याला बरोबरीच्या नात्यानं म्हणाले.

‘नाही काका,’ तो सामान भरत म्हणाला, ‘वायर तुटली होती.’

कारण सापडलं की ह्यांचं समाधान होतं, मग दोन दिवस गेले तरी चालतात. ह्यांना सहन होत नाही ते आपलं आपण आलेलं नेट. काल तेच झालं. ऐन नऊच्या तोंडावर गेलं. पंचनामा सुरू झाला, स्वतःनं ओ दिली, राउटरनं दिली, ८.८.८.८ गप्प, हे बाह्या सरसावून पुढच्या पायरीकडे वळताहेत तोवर आलं. मुलगी खोलीतून ‘आलं!’ म्हणून ओरडली. मालिकेतली थोरली जाऊ पडद्यावर हजर झाली. हे बाहेर आले ते चेहरा पाडून. ‘कुणी काय केलं?’ कुणीच काही केलं नव्हतं. धाकट्याची उलटतपासणी झाली, माझी झाली. मिक्सर लावला होता का? लिफ्ट चालू होती का? आत जाऊन ह्यांनी नोंदी काढल्या. ८ वाजून ५१ मिनिटांनी गेलं. ९ वाजून ७ मिनिटांनी आलं. मध्ये ह्यांच्याच पिंगच्या बिनउत्तराच्या हाका, बाकी कोरं.

‘पण का आलं?’ हे हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. मग ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तरतरी आली, तशी माझ्या पोटात गोळा आला. ‘एकच मार्ग आहे,’ हे राउटरकडे निघाले. ‘पुन्हा घालवून बघतो.’

सासूबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. ‘अगं,’ त्या मला म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं, साडेनऊनंतर घालव.’